टिळक आळी ते मारुती मंदिर: एका चषकाची वाट

रत्नागिरीला पाहुणे आले की त्यांना फिरवण्याचा क्रम ठरलेला असतो. सकाळी रत्नदुर्गावर भगवतीचं दर्शन, मग थिबा राजवाडा, टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान आणि संध्याकाळी मांडवीला समुद्राचा वारा. दोस्तांनो, आज आपण हा क्रम थोडा बदलू या. सुरुवात टिळक आळीतून करू आणि शेवट मैदानावर करू. कारण आजची आपली सहल आहे कॉलेजातल्या खेळांच्या इतिहासाची!

टिळक आळीतल्या त्या कौलारू घरात २३ जुलै १८५६ रोजी बाळ गंगाधर टिळकांचा जन्म झाला. दहाव्या वर्षी ते वडिलांबरोबर पुण्याला गेले आणि पुढे डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तब्येत तोळामासा. मग या पठ्ठ्याने काय करावं? कॉलेजचं पहिलं वर्ष चक्क तालमीत आणि पोहण्यात घालवलं! साहजिकच त्या वर्षी परीक्षेत यश आलं नाही. पण शरीर असं कमावलं की पुढच्या आयुष्यातला तुरुंगवाससुद्धा त्यांनी सोसला. आणि बरं का, हेच टिळक नंतर गणित घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. झाले. (हे उदाहरण घरी सांगताना दुसरं वाक्यही न विसरता सांगा!)

त्या काळी रत्नागिरीच्या मुलाला कॉलेजात जायचं तर गाव सोडावंच लागे. ही अडचण दूर झाली ती १९४५ साली. त्या वर्षी रत्नागिरीत कॉलेज सुरू झालं. आज आपण त्याला गोगटे-जोगळेकर महाविद्यालय म्हणून ओळखतो. कॉलेज आलं म्हणजे काय आलं? वर्ग आले, प्रयोगशाळा आल्या, ग्रंथालय आलं. आणि त्यांच्याबरोबर कॉलेजचा संघही आला.

आता चला मारुती मंदिराकडे. इथेच शिवाजी स्टेडियम आहे. जूनमध्ये आलात तर मात्र खेळ दिसायचा नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मुंबईची मुलंही पावसात अडकतात, पण त्यांच्याकडे मैदानं जास्त, क्लब जास्त, शिकवणारे जास्त. इथला मुलगा भातकापणी झालेल्या शेतात किंवा जांभ्याच्या सड्यावर टेनिसच्या चेंडूने खेळत मोठा होतो. चेंडू खड्यावर पडला की कुठे उडेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही! असा मुलगा चांगला खेळत असेल, तर ते दूरच्या निवड समितीला कळणार कसं?

त्यासाठीच कॉलेजच्या स्पर्धांची शिडी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी जोडलेली आहेत. सगळ्या कॉलेजांना एकदम एकमेकांशी खेळवणं शक्य नाही, म्हणून विद्यापीठाने विभाग पाडले आहेत. कोकणातली कॉलेजं आधी आपसांत खेळतात. मग विभागाविभागांमध्ये सामने होतात. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो संघ पश्चिम विभागातल्या इतर विद्यापीठांशी झुंजतो आणि तिथे टिकला तर अखिल भारतीय स्पर्धेत पोहोचतो.

ही युक्ती फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत कॉलेजांच्या बेसबॉलला फार मान आहे. तिथेही कॉलेजांचे गट असतात, त्यांना ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. गटाची स्पर्धा जिंकली की राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडतं. त्यांची अंतिम स्पर्धा १९४७ साली कालामाझू या गावी सुरू झाली आणि १९५० पासून ती ओमाहा शहरात भरते. खेळ वेगळा, देश वेगळा, पण शिडी तीच!

आपल्याकडची स्पर्धा मात्र तिच्याहून बारा वर्षांनी मोठी आहे. मुंबईच्या ए. डी. बारिया यांनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ क्रिकेट नियामक मंडळाला एक चषक दिला. मुलाचं नाव रोहिंटन. म्हणून हा ‘रोहिंटन बारिया चषक’. १९३५-३६ च्या हंगामापासून भारतातली विद्यापीठं या चषकासाठी खेळू लागली. तो सर्वांत जास्त वेळा जिंकला मुंबई विद्यापीठाने. पुढे १९६६-६७ मध्ये ‘विझी चषक’ सुरू झाला. त्यात पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशा विभागांचे विद्यापीठ संघ खेळतात. म्हणजे शिडीला आणखी एक पायरी मिळाली.

या शिडीवरून कोण कोण वर चढलं? तिघांची गोष्ट सांगतो.

पहिला मुलगा विज्ञान शाखेचा. त्याला इंजिनिअर व्हायचं होतं. एके दिवशी तो बसने एल्फिन्स्टन कॉलेजात निघाला होता. त्याच बसमध्ये कॉलेजच्या संघातले बाळू गुप्ते होते. संघाला बारावा गडी हवा होता. ‘येतोस का? तीन रुपये मिळतील,’ असं गुप्त्यांनी विचारलं आणि मुलगा तयार झाला. तो मुलगा म्हणजे अजित वाडेकर! पाणी न्यायला गेलेला हा बारावा गडी पुढे विद्यापीठ स्पर्धेत एका डावात ३२४ धावा काढून बसला.

दुसरा मुलगा आपल्याच किनाऱ्यावरचा, मडगावचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. क्रिकेट शिकायची फारशी सोय नव्हती. सतराव्या वर्षी, १९५७ मध्ये, तो मुंबईत आला. १९५९-६० च्या रोहिंटन बारिया स्पर्धेत त्याने ८७ च्या सरासरीने ४३५ धावा केल्या. पुढच्याच हंगामात पाकिस्तानचा संघ भारतात आला, तेव्हा त्याची विद्यापीठांच्या संघात निवड झाली. पुण्याच्या त्या सामन्यात त्याने धावा किती केल्या असतील? पुन्हा ८७! हा दिलीप सरदेसाई. डिसेंबर १९६१ मध्ये तो भारताकडून पहिली कसोटी खेळला आणि त्याच महिन्यात गोवा मुक्त झाला.

तिसरा मुलगा सेंट झेवियर्स कॉलेजचा. त्याने १९७० मध्ये विद्यापीठ स्पर्धेतच ३२७ धावा ठोकल्या आणि वाडेकरांचा विक्रम फक्त तीन धावांनी मोडला. त्याचं नाव तुम्ही ओळखलंच असेल. सुनील गावस्कर!

आता गंमत पाहा. १९७१ साली भारताचा संघ वेस्ट इंडीजला गेला. कर्णधार होते वाडेकर. सरदेसाईंनी त्या मालिकेत ६४२ धावा केल्या. ज्याने कर्णधाराचा विक्रम मोडला होता, त्या गावस्करने पहिल्याच मालिकेत चार कसोटींत ७७४ धावांचा डोंगर रचला. पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी जिंकून भारताने वेस्ट इंडीजला प्रथमच हरवलं आणि मालिकाही खिशात घातली. कॉलेजच्या शिडीवर वेगवेगळ्या वेळी पाय ठेवलेली तीन मुलं एकाच संघात, एकाच विजयात!

आज या शिडीवर पूर्वीइतकी गर्दी नसते. आता सोळा, एकोणीस, तेवीस वर्षांखालच्या मुलांच्या वेगळ्या स्पर्धा आहेत. २००८ पासून आयपीएल आली. हुशार खेळाडू कॉलेजात पोहोचण्याआधीच निवडले जातात. त्यामुळे विद्यापीठाच्या सामन्यांची बातमी वर्तमानपत्रात शोधावी लागते.

मग ही शिडी निरुपयोगी झाली का? मुळीच नाही. सोळाव्या वर्षी ज्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, त्याला ती अठराव्या-विसाव्या वर्षी पुन्हा संधी देते. सरदेसाई सतराव्या वर्षापर्यंत मडगावातच होते, हे आठवा. मुंबई इथून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे, पण शिडीची पहिली पायरी मात्र रत्नागिरीतच आहे. ती फक्त क्रिकेटची नाही. कबड्डी, खो-खो, अॅथलेटिक्स, सगळ्यांसाठी आहे, मुलांइतकीच मुलींसाठीही.

या शिडीची एक अटही आहे. तिच्यावर चढायचं तर तुम्ही कॉलेजात शिकणारे विद्यार्थी असायला हवं. पुस्तक सोडलं की बॅटही सुटते! पुष्कळ घरांमध्ये दहावीचं वर्ष आलं की बॅट माळ्यावर जाते आणि मग ती खाली येतच नाही. आईबाबांनो, परीक्षेपुरती ठेवा हवी तर; पण निकालानंतर खाली काढायला विसरू नका. वाडेकर क्रिकेट खेळूनसुद्धा स्टेट बँकेत मोठे अधिकारी झाले.

तेव्हा दिवाळीनंतर कधी रत्नागिरीला आलात, तर मारुती मंदिरापाशी थोडं थांबा. स्टेडियममध्ये कॉलेजचा सामना चालू असेल तर आत जाऊन बसा. आणि पाणी घेऊन धावणाऱ्या बाराव्या गड्यासाठीही एकदा टाळ्या वाजवा. कोण जाणे, तो उद्याचा कर्णधार असेल!