न थांबवणारा ब्रेक

रायपूरहून येणाऱ्या छोट्या गाडीच्या रुळांना अभनपूरला दोन फाटे फुटायचे. एक धमतरीकडे, दुसरा राजिमकडे. १९०० सालची ही लाइन, रुळांतलं अंतर जेमतेम ७६२ मिलिमीटर. गार्डच्या डब्यात हँडब्रेकचं चाक असे. ते फिरवलं की स्क्रूच्या जोरावर ठोकळे चाकांना आवळत जात. ते पाहून लहानपणी माझी समजूत झाली, ब्रेकचं काम थांबवणं. पुढे पोटापाण्यासाठी केले ते ब्रेक मात्र फिरणाऱ्याला फिरू देणारे, फक्त ओढ लावून.

असा ब्रेक पाहावा इचलकरंजीत. तिथे पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये बसवला. साध्या मागाच्या पाठीमागे ताण्याचा, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला, बीम असतो. त्याच्या कडेच्या चाकाला दोराचे किंवा साखळीचे वेढे आणि तरफेवर टांगलेलं वजन. धागा सुटत राहतो, पण ताठ. ओढ वाढली तर धागे तुटतात, घटली तर कापड बिघडतं. वजन तरफेवर पुढेमागे सरकवलं की टॉर्क बदलतो. झाली जुळवणी.

बदलणं सोपं, टिकवणं कठीण. घर्षण लहरी असतं. पावसाळ्यात दोर दमट होतो, मध्येच चिकटतो, मग झटक्याने सुटतो. म्हणून त्यावर शंखजिऱ्याची पूड टाकतात.

माझ्या ब्रेकमध्ये दोराऐवजी चाकाला वेढणारा पट्टा असतो. त्याच्यासाठी मीही आधी चांगलं अस्तर शोधत बसलो होतो. पण खरा प्रश्न वेगळा होता: स्प्रिंग पट्ट्याच्या कुठल्या टोकाला लावायची? एक पूर्ण वेढा घ्या आणि घर्षणांक ०.३ वरून ०.२ वर घसरला असं धरा. स्प्रिंग ढिल्या टोकाला असेल तर टॉर्क निम्म्याच्याही खाली येतो. तीच ताणलेल्या टोकाला लावली तर घट सुमारे १६ टक्के, आणि दोन वेढ्यांना फक्त ६. कारण इथे घर्षण वाढलं की ढिलं टोक आणखी ढिलं पडतं. एकूण ओढ स्प्रिंगच्या जोरापलीकडे जाऊच शकत नाही. हे फुकट मिळत नाही. एका वेढ्यात तेवढाच टॉर्क हवा तर स्प्रिंग साडेसहापट जोराची लागते.

ती स्प्रिंगही मऊ आणि लांब दाबलेली हवी. दोन मिलिमीटर दाबलेल्या कडक स्प्रिंगचा जोर अर्धा मिलिमीटर झिजेने पाव भाग उतरतो. चाळीस मिलिमीटर दाबलेल्या मऊ स्प्रिंगला ती झीज जाणवतही नाही. उष्णतेचा हिशेब मात्र चुकत नाही: १० न्यूटन-मीटरचा ब्रेक मिनिटाला ६० फेऱ्यांनी फिरला तर ६३ वॉट उष्णता सतत बाहेर काढावी लागते.

एवढं जमल्यावर टॉर्क एकसारखा मिळतो. तरी मागावर धागे तुटतात! कारण बीम रिकामा होतो तसा त्याचा घेर घटतो, आणि त्याच टॉर्कला धाग्यावरची ओढ वाढते. व्यास निम्मा, ओढ दुप्पट. मागवाल्याला हे सूत्र सांगावं लागत नाही. तो जाता जाता ताण्यावर तळहात टेकवतो आणि वजन बोटभर आत सरकवतो.

अभनपूरला ३० मार्च २०२५ पासून मोठ्या रुळांवरची मेमू येते. गार्डचं ते चाक गेलं. माझ्या ब्रेकवर मात्र मी फिरवायची मूठ अजून ठेवतो. स्थिर काय राहायला हवं, ते ब्रेकला कळत नाही. धाग्यावर हात ठेवणाऱ्याला कळतं.