थंड इंजिन

एडिसन, न्यू जर्सी
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. सोन्या,


परवा फोनवर तू इतका घाईत होतास की माझं बोलणं ओठांवरच राहिलं. म्हणून हे पत्र. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डजवळची ती चंदेरी होंडा एस-२०००, २००१ सालची, ६१,००० मैल चाललेली, मागणी २७,००० डॉलर. तू पाठवलेले फोटो मी दोनदा पाहिले. गाडी देखणी आहे यात शंका नाही. पण तू म्हणालास, "मावशी, पाच वर्षं गॅरेजमध्ये झाकून ठेवतो आणि मग विकतो. शेअर बाजारापेक्षा बरी." हे वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं. गाडी घेऊ नको असं मी म्हणणार नाही. झाकून ठेवायला घेऊ नकोस, एवढं म्हणणार आहे.

तू आकडे पाहून या गाडीकडे आलास. मी आवाज ऐकून आले. सांगलीला एस.टी. डेपोत मेकॅनिक असलेल्या तुझ्या आजोबांनी, म्हणजे नानांनी, मला आठवीत असताना फिलर गेज हातात दिला आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, कसं सेट करायचं ते शिकवलं. इंजिन पूर्ण थंड हवं, गेजची पाती फटीत सरकताना किंचित अडली पाहिजे, ओढताना बोटांना कळलं पाहिजे. नानांच्या हाताखाली लेलँडचं इंजिन असायचं, डुरकणारं, संथ. पुढे इथे येऊन नोकरीत स्थिरावले, आणि २०१० साली एका सहकाऱ्याने त्याच्या एस-२००० मधून मला एक फेरी मारून आणली. दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएमचा काटा ६,००० च्या पुढे गेला आणि आवाजच पालटला. त्याच वर्षी मी माझी २००३ ची गाडी १५,५०० डॉलरला घेतली. तेव्हा तिला कोणी संग्राह्य म्हणत नव्हतं. दोन माणसांची जुनी होंडा, एवढीच तिची ओळख.

तो आवाज का पालटतो, हे तुला ठाऊक असायला हवं. होंडाला १९९८ मध्ये ५० वर्षं झाली, त्या निमित्ताने ही गाडी आखली गेली आणि १९९९ मध्ये बाजारात आली. शिगेरू उएहारा हे तिचे मुख्य इंजिनिअर. होंडाची त्याआधीची एनएसएक्स गाडीही त्यांच्याच हातची. इंजिन अवघं दोन लिटरचं, चार सिलिंडर, टर्बो नाही, आणि तरी अमेरिकेतल्या गाडीला २४० हॉर्सपॉवर. पण ही ताकद मिळते ८,३०० आरपीएमला. सुमारे ६,००० पर्यंत कॅमचे बुटके लोब व्हॉल्व्ह उघडतात आणि गाडी भाजी आणायला जाण्याइतकी शहाणी असते. त्यापुढे तेलाच्या दाबाने एक पिन सरकते, उंच लोब कामाला लागतात, व्हॉल्व्ह जास्त आणि अधिक वेळ उघडे राहतात. पिस्टनचा स्ट्रोक ८४ मिलिमीटर. मिनिटाला ९,००० फेऱ्यांचा हिशेब कर: पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर, आणि तोही दर ८४ मिलिमीटरला पूर्ण थांबून उलट फिरत. सेकंदाला ३०० वेळा थांबणं. माणसांनी कागदावर हे मांडलं, धातूत उतरवलं, आणि ते लाखभर मैल बिनतक्रार चालतं. मी इतकी वर्षं इंजिनिअर म्हणून काम केलं, पण याचं नवल अजून सरलेलं नाही.

किंमत वाढते ती याच कारणाने. असं इंजिन आता कोणी बनवणार नाही. धुराचे नियम कडक झाले, छोट्या इंजिनांना टर्बो आले, पाठोपाठ बॅटरीच्या गाड्या आल्या. एस-२००० ला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कधी मिळालाच नाही. दहा वर्षं फक्त सहा गिअरचा मॅन्युअल. २००९ मध्ये उत्पादन थांबलं तोवर जगभरात लाखाच्या थोड्या वर गाड्या निघाल्या होत्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक अमेरिकेत आल्या. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. पण २००१ मध्ये 'द फास्ट अँड द फ्युरियस' हा चित्रपट आला, त्यात काळी एस-२००० होती. २००३ च्या दुसऱ्या भागात गुलाबी होती. ते पाहून वेडी झालेल्या पोरांनी किती गाड्यांचे सायलेन्सर बदलले, स्प्रिंगा कापल्या, टर्बो बसवले, आणि ओल्या वळणावर किती गाड्या फिरून कठड्यावर गेल्या! जुन्या मॉडेलचं मागचं अंग वळणात अचानक सुटतं, आणि सावरून घेणारी इलेक्ट्रॉनिक्स २००६ पर्यंत नव्हती. म्हणून कारखान्यातून निघाली तशी राहिलेली गाडी आज दुर्मीळ आहे. आणि पोस्टर भिंतीवर लावणाऱ्या त्या मुलांच्या हातात आता पगार आहेत. त्यांतलाच तू एक.

२००८-०९ मध्ये इथे सीआर नावाची आवृत्ती निघाली, कापडी टप काढून हलकी केलेली, जेमतेम ७००. त्यातली दीडशे मैलही न चाललेली एक गाडी २०२२ मध्ये लिलावात दोन लाख डॉलरला गेली. बातमी वाचून तू मला लगेच फोन केला होतास, आठवतं? तुला आनंद झाला होता. मला त्या गाडीची कणव आली. तिच्या इंजिनाचं रनिंग-इनसुद्धा झालेलं नसणार.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. २०२१ च्या उन्हाळ्यात पेट्रोल भरताना एका अनोळखी माणसाने मला थांबवून माझ्या गाडीचे २८,००० डॉलर देऊ केले. मी नाही म्हटलं, पण तो आकडा घरी बरोबर आला. त्या दिवसापर्यंत मी तिला किराण्याला नेत होते, पावसात नेत होते. त्यानंतर दुकानाबाहेर दुसरी गाडी शेजारी लागली की पोटात गोळा यायचा. मैल वाढले की पैसे कमी होतात हे मनात बसलं. मी कव्हर आणलं. त्या वर्षात गाडी फक्त ३४० मैल चालली.

आणि त्याच वर्षी तिची सगळ्यात जास्त हेळसांड झाली. वसंतात कव्हर काढलं तर ब्रेक डिस्कवर तांबेरा, बॅटरी मेलेली, टायर एका जागी चपटे पडलेले, आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरीण चक्क वीण घालून गेलेली. दुरुस्तीला १,४०० डॉलर लागले. मशीन थांबलं की आतून खायला लागतं, सील वाळतात, तेल खाली उतरतं. नानांनी हे मला एस.टी.च्या राखीव गाड्या दाखवून शिकवलं होतं आणि मी ते विसरले.

याहून एक वाईट गोष्ट आहे. २०२१ च्याच दिवाळीत तू माझ्याकडे आला होतास, नुकताच शिकायला आलेला. फराळ झाल्यावर म्हणालास, "मावशी, एक चक्कर मारू का?" मी म्हटलं, पाऊस येईलसं वाटतंय. पाऊस आला नाही. तू कव्हरवरूनच बॉनेटवर हात फिरवलास आणि आत गेलास. तू विसरला असशील. माझ्या मनातून ते जात नाही. बहिणीच्या मुलाला एक चक्कर नाकारली, ती एका आकड्यापायी.

पैशाचंही बोलू, कारण तू त्यासाठीच घेतोयस. २०,००० चं कर्ज काढणार म्हणालास. आठ टक्के धरले तरी पहिल्या वर्षी व्याजच दीड हजाराच्या घरात. तुझ्या बॉस्टनमध्ये गॅरेजची जागा भाड्याने, विमा, रजिस्ट्रेशन. टायर चालवले नाहीत तरी म्हातारे होतात. कडेवर चार आकडी खूण असते, आठवडा आणि वर्ष, ती बघ म्हणजे कळेल. नफ्यावर सरकार कर घेईल, पण स्वतःच्या वापराच्या गाडीत तोटा आला तर तो कुठे दाखवता येत नाही. शिवाय २५ वर्षं झाली की जपानमधली गाडी इथे आणायला मोकळीक मिळते, म्हणजे १९९९ च्या उजव्या स्टिअरिंगच्या एस-२००० २०२४ पासून येऊ लागल्या आहेत. पाच वर्षांनी भाव कुठे असेल हे कोणीच सांगू शकत नाही. पण त्या पाच वर्षांतले रविवार तुझ्या हातात आहेत. माझ्या गाडीने मला १५,५०० च्या बदल्यात चौदा उन्हाळे दिले, आणि आज विकली तरी मुद्दल परत येईल. वाढलेल्या भावाचा मी एवढाच अर्थ घेते की तिला चालवणं मला फुकटात पडलं.

म्हणून तुझ्या पसंतीची ही गाडी चालवायच्या नजरेने पाहू. ६१,००० मैल मला अजिबात जास्त वाटत नाहीत. दर वर्षी थोडी थोडी चाललेली असेल तर उत्तमच. प्रत्येक पत्र्यावर, म्हणजे दारं, फेंडर, बॉनेट, डिकी, बंपर, होंडाने गाडीचा नंबर छापलेली छोटी चिकटपट्टी लावलेली असते. एक जरी गायब असेल तर तो पत्रा कधी बदलला ते विचारायचं. कनेक्टिकटमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, तेव्हा लिफ्टवर चढवून खालून बघणं आलंच; सस्पेन्शनचे ॲलाइनमेंटचे बोल्ट गंजून बुशात अडकलेले असतात आणि मग कापून काढावे लागतात. दुसरा गिअर टाकताना खरखर आली तर सिंक्रो गेला समजायचं. कधी कोणी चौथ्याऐवजी चुकून दुसरा टाकला असेल तर व्हॉल्व्ह स्प्रिंगांचे रिटेनर तडकलेले असू शकतात. मेकॅनिकला व्हॉल्व्ह कव्हर उघडायला सांगू, कॉम्प्रेशनही मोजून घेऊ. त्याचे २००-३०० डॉलर जातील. ते दे, घासाघीस करू नकोस. २००१ च्या गाडीला मागची काच नसते, प्लास्टिक असतं. ते पिवळं पडलं असेल तर नव्या टपाचा खर्च किमतीतून वजा करायला सांगू.

आणि मालकाला विचार, शेवटचं टॅपेट कधी केलं? उत्तर काय देतो त्यापेक्षा प्रश्न ऐकून त्याचा चेहरा कसा होतो ते मला पाहायचंय. ज्याने गाडी जीव लावून चालवली असेल तो अर्धा तास बोलेल.

काल इथे झेंडू मिळाला, दोन डॉलरला मूठभर. हार केला आणि गाडीला घातला. ओडोमीटरवर आता १,१२,००० आहेत.

पुढच्या शनिवारी मी सकाळी सहाला निघते, नऊपर्यंत हार्टफर्डला पोचेन. माझीच गाडी घेऊन येते. तू बॉस्टनहून ट्रेनने ये, स्वतःची गाडी आणू नकोस. हो म्हण किंवा नको म्हण, त्या गाडीचा निर्णय काहीही झाला तरी परतताना एडिसनपर्यंत माझी गाडी तू चालवायची आहेस, पाऊस असला तरी. रविवारी घरी साबुदाण्याची खिचडी करते, सोमवारी तुला स्टेशनवर सोडते.

मालकाला आजच कळव की आम्ही पोचेपर्यंत इंजिन सुरू करू नका. टाइमिंग चेनचा टेन्शनर थकला असेल तर पहिल्या मिनिटात ऐकू येतं, सायकलच्या चाकात पत्त्याचं पान अडकवल्यासारखं फर्रर्र. गरम झाल्यावर ते लपतं. बॉनेटवर आधी हात ठेवून बघू. कोमट लागला तर दोन तास कॉफी पीत बसू, पण थंड इंजिनच ऐकू.

तुझी,
मावशी