दुसऱ्या नंबरची गोष्ट

वीकेंडला राजूरला घरी होतो. टीव्हीवर रणजीची मॅच. अण्णा, म्हणजे माझे चुलते, मुंबईत वीस वर्षं काढलेले, त्यामुळे कट्टर मुंबईवाले. म्हणाले, "तुमच्या महाराष्ट्रानं शेवटची रणजी कधी जिंकली रे?"

१९४०-४१, देवधरांच्या कॅप्टनशिपखाली! पण मी म्हटलं, "अण्णा, फॉरमॅटपण बघा ना." १९५७-५८ पासून विभागवार साखळी आली आणि प्रत्येक विभागातून एकच टीम पुढे. आपल्या पश्चिम विभागात मुंबई, १९५८-५९ पासून सलग १५ वर्षं चॅम्पियन! म्हणजे तुम्ही देशात दुसरे असलात तरी घरीच बसा. १९७०-७१ पासून विभागातून दोन टीम घ्यायला लागले आणि त्याच वर्षी फायनल कोणाची? मुंबई विरुद्ध महाराष्ट्र! ४८ रन्सनी हरलो.

अण्णा हसले. "तेव्हा वाडेकर, गावसकर, सरदेसाई वेस्ट इंडीजला होते. तरी हरलात."

यावर काय बोलणार? फॉरमॅट बदलून रन्स निघत नाहीत, हे मान्य. पण नगर जिल्हा महाराष्ट्राच्या असोसिएशनमध्ये येतो. उद्या राजूरचं एखादं पोरगं रणजीपर्यंत पोचलंच, तर त्याला निदान हरायला तरी फायनल मिळावी. असो.