दहाची नोट जावी, नाणं राहावं? आधी वजन कोण उचलणार ते ठरवा

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण विषय तुमच्या-माझ्या खिशाचा आहे, तेव्हा चहा घेता घेता वाचा.

परवा वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने सहज टाकलं, "दहाची नोट बंदच करून टाका ना, नाणं आहेच की!" झालं. रात्री साडेअकरापर्यंत धुमश्चक्री. निम्मे म्हणे नोटा कळकट, चिकट, सेलोटेप लावलेल्या, कशाला हव्यात? उरलेले निम्मे म्हणे नाण्यांनी खिसा फाटतो. ग्रुपवर मी दोन ओळीच लिहिल्या, कारण माझं म्हणणं दोन ओळींत मावणारं नव्हतं. म्हणून इथे.

मुळात हा प्रश्न आत्ताच का पेटला? कारण २०२५ पासून आपल्या गिरगावात दहा रुपये लागतातच जास्त. ९ मे २०२५ ला बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं ५ वरून १० झालं, एसीचं ६ वरून १२. ऑक्टोबरमध्ये गिरगावचं मेट्रो स्टेशन उघडलं, तिथलं कमीत कमी तिकीट १०. काळी-पिवळी टॅक्सीचं मीटर त्याच वर्षीच्या १ फेब्रुवारीपासून २८ ऐवजी ३१ वर पडतं. हा वरचा एक रुपया ज्याने ठरवला त्याने रोखीत कधी टॅक्सी केली असेल असं मला वाटत नाही. चाळीस दिले की नऊ परत यायला हवेत, आणि ते नऊ कुणाकडेच नसतात.

त्यात आपली वाडी. बोळ इतके अरुंद की गाडी आत शिरत नाही. सगळं दारात येतं ते पायी किंवा सायकलवर. पाववाला, कोळीण, भाजीवाला, इस्त्रीवाला. व्यवहार दहा-वीस-पन्नासचे. वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं अजून दोरीला पिशवी बांधून खाली सोडतात. त्या पिशवीत नोट ठेवायची तर वर काहीतरी वजन ठेवावं लागतं, नाहीतर चौपाटीकडून वारा आला की नोट शेजारच्याच्या पत्र्यावर. नाणं टाकलं की गुपचूप खाली जातं. तेव्हा नाण्याच्या बाजूचा पहिला मुद्दा आमच्या दोरीवरच लटकलेला आहे!

आता थोडा इतिहास, कारण हे भांडण नवीन नाही, फक्त उलटं झालंय. एक रुपयाची नोट आपल्याकडे पहिल्यांदा आली ३० नोव्हेंबर १९१७ ला. पहिलं महायुद्ध चालू होतं, चांदीची टंचाई झाली आणि चांदीच्या रुपयाऐवजी कागद हातात आला. म्हणजे तेव्हा नाणं परवडेना म्हणून नोट, आणि १९९० च्या दशकात नोट परवडेना म्हणून नाणं. १९९४ ला एकच्या नोटेची छपाई थांबली, १९९५ ला दोन आणि पाचची. गंमत म्हणजे २०१५ मध्ये एकची नोट पुन्हा काढली. तिच्यावर रिझर्व बँकेच्या गव्हर्नरची नाही, अर्थसचिवांची सही असते. आता ती दिसते कुठे, तर आहेराच्या पाकिटात आणि नोटा जमवणाऱ्यांच्या अल्बममध्ये.

दहाचं दुधातुकड्यासारखं दोन रंगांचं नाणं बाजारात आलं २००९ मध्ये. वीसचं बाराकोनी नाणं मार्च २०१९ मध्ये जाहीर झालं. पण या दोन्ही वेळी नोट काढून घेतली नाही. दोन्ही चालू. आणि घोळ इथेच आहे.

हिशेब मांडूया. माहिती अधिकारात आलेल्या उत्तरांवरून, २०१८ च्या सुमारास दहाचं नाणं पाडायला सरासरी ५ रुपये ५४ पैसे लागत. २०२१-२२ मध्ये दहाची नोट छापायला साधारण ९६ पैसे लागले. साल वेगळं आहे, पण अंदाज येतो. एका नाण्याच्या खर्चात जवळपास सहा नोटा. समजा नोट दोन वर्षं टिकली, तर बारा वर्षांत नाण्याने आपला खर्च भरून काढला. नाणं त्याहून कितीतरी जास्त टिकतं. तुमच्या घरातल्या डब्यात तीस वर्षांपूर्वीचं एखादं नाणं नक्की सापडेल, आणि ते आजही चालतं. वरवर पाहता नाणं जिंकलं.

पण जरा थांबा. हाच हिशेब अमेरिकेने चाळीसेक वर्षं करून पाहिला आहे, आणि त्यांची फजिती आपण वाचण्यासारखी आहे.

त्यांनी १९७९ मध्ये एक डॉलरचं नाणं काढलं. ते त्यांच्या पाव डॉलरच्या नाण्यासारखंच दिसायचं, लोक गोंधळले, कुणी घेईना. २००० मध्ये सोनेरी रंगाचं काढलं. २००७ पासून एकेका राष्ट्राध्यक्षाच्या चेहऱ्याचं काढलं. प्रत्येक वेळी कागदी डॉलर चालूच ठेवला. लोकांनी नोटच वापरली. २०११ च्या अखेरीस सुमारे १४० कोटी नाणी तिजोऱ्यांत पडून होती, म्हणून चलनासाठी नाणी पाडणं थांबवलं. उलट कॅनडाने १९८७ मध्ये डॉलरचं नाणं काढलं आणि दोन वर्षांत नोट देणं बंद केलं. ब्रिटनने १९८३ मध्ये पौंडाचं नाणं आणलं आणि १९८८ मध्ये नोट काढून घेतली. दोन्हीकडे लोकांनी सुरुवातीला नाकं मुरडली, मग सवय झाली.

म्हणजे पहिला धडा सोपा आहे. नोट आणि नाणं दोन्ही ठेवलं तर लोक हलकी वस्तू निवडतात. नाणं चालवायचं तर नोट थांबवावी लागते.

दुसरा धडा जास्त मोलाचा. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०११ मध्ये सांगितलं होतं की नोटेऐवजी नाणं केलं तर ३० वर्षांत ५५० कोटी डॉलर वाचतील. पण हा फायदा नोट टिकत नाही आणि नाणं टिकतं म्हणून नव्हता. तो यायचा होता नाण्याची दर्शनी किंमत आणि ते पाडण्याचा खर्च यातल्या फरकातून. लोक नाणी बरणीत टाकून ठेवतात, म्हणून एका नोटेच्या जागी दीड नाणं लागेल असं त्यांनी धरलं होतं. बरणीत झोपलेलं प्रत्येक नाणं म्हणजे लोकांनी सरकारला दिलेलं बिनव्याजी कर्ज! मग २०१९ मध्ये त्याच कार्यालयाने पुन्हा आकडे मांडले. नोटा आधीपेक्षा जास्त टिकू लागल्या होत्या, आणि निष्कर्ष उलटा आला: बदल केला तर सरकारला तोटाच होईल.

आपल्याकडेही हेच गणित आहे. नाणं भारत सरकारचं असतं, रिझर्व बँक ते दर्शनी किमतीला घेऊन वाटते. साडेपाच रुपयांत पाडलेलं नाणं दहाला गेलं की फरक सरकारी तिजोरीत. त्यात गैर काही नाही, तो पैसा आपलाच. पण "नाण्याने देशाचा पैसा वाचतो" असं कुणी म्हणालं की माझा प्रश्न असतो, कुणाचा वाचतो आणि कुणाच्या खांद्यावर येतो?

कारण वजन. दहाचं नाणं ७.७१ ग्रॅमचं. हजार रुपयांची दहाची नाणी म्हणजे शंभर नाणी, म्हणजे पाऊण किलोच्या वर. आमच्याकडे सकाळी फुलपुडी देणाऱ्या मावशी आहेत. दिवसाचा गल्ला दोन हजार झाला आणि सगळा नाण्यांत आला, तर दीड किलो धातू कमरेला बांधून लोकलने घरी. शंभराच्या दोन नोटबंडलांना त्या कनवटीला खोचून निघायच्या, तिथे पिशवी लागणार. आणि खरी कटकट तर पुढेच आहे. ती नाणी मोठ्या नोटांत बदलून देणार कोण?

मागच्या गणपतीनंतर आमच्या मंडळाच्या ताटातली आणि पेटीतली चिल्लर घेऊन आम्ही दोघी एका बँकेत गेलो. नाव लिहीत नाही, कारण सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच आहे. "आज मोजायला माणूस नाही." दुसऱ्या दिवशी, "मशीन बंद आहे." तिसऱ्या दिवशी, "अकाउंट इथलं आहे का?" रिझर्व बँकेचं सांगणं स्पष्ट आहे की कोणत्याही शाखेने नाणी नाकारायची नाहीत. शंभर-शंभरच्या पुड्या करून आणल्या तर मोजणं सोपं, हेही त्यांनीच सांगितलंय. पण काउंटरवर कागद दाखवून भांडायची ताकद आमच्यात होती, कारण आम्ही रिटायर्ड, आम्हाला वेळच वेळ. मावशींचा एक तास म्हणजे वीस पुड्या. त्या भांडत नाहीत. त्या नाणी कुणाला तरी टक्का देऊन बदलून घेतात. म्हणजे शंभराला पंच्याण्णव. नोटा छापण्याचा वाचलेला खर्च शेवटी असा वसूल होतो.

आणखी एक गोष्ट, ती आमच्या घरातली. आईची नजर आता पार गेली आहे. ती पैसे बोटांनी ओळखते. दहाचं नाणं तिला चटकन कळतं, मोठं आहे, मधल्या गोलाची कड लागते. वीसचं कोनांमुळे कळतं. पण २०११ नंतरची एक, दोन आणि पाचची नाणी तिला दर वेळी कुणाला तरी विचारावी लागतात. अमेरिकेचं १९७९ चं नाणं याच कारणाने पडलं होतं, हे लक्षात घ्या. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही आपल्या वरळीची संस्था नव्या नोटा आणि नाण्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. २०१९ मध्ये दृष्टिहीनांना ओळखता येतील अशी नवी मालिका जाहीरही झाली. चांगलं झालं. पण जुनी सगळी नाणी बाजारात आहेतच, आणि दहाच्या तर चौदा प्रकारच्या नाण्या एकाच वेळी चालू आहेत असं रिझर्व बँकेला जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगावं लागलं. रुपयाचं चिन्ह असलेलं खरं, नसलेलं खोटं. दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं, अशा अफवा गावोगाव पसरल्या होत्या. सगळी खरी आहेत हो! तरीही गावी गेलं की दुकानदार हात मागे घेतो.

आता कुणीतरी म्हणणारच, "अहो ताई, यूपीआयच्या जमान्यात कसलं नाणं नि कसली नोट?" मीही वापरते. पाववाल्याच्या सायकललासुद्धा क्यूआर लटकलेला आहे. पण आई वापरत नाही. वरच्या मजल्यावरचे एकटे राहणारे काका वापरत नाहीत. शाळेत जाणारं पोर वापरत नाही. आणि ज्या दिवशी नेटवर्क जातं त्या दिवशी कुणीच वापरत नाही. सुटे पैसे मिळेनासे झाले की "स्कॅन करा" हा सल्ला राहत नाही, सक्ती होते. नोट हळूहळू गायब करायची, नाणं कुणी घ्यायचं नाही आणि मग म्हणायचं लोकांनीच रोख सोडली, हे मला पटत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तमिळनाडूतले खासदार मणिकम टागोर यांनी लहान नोटांच्या टंचाईबद्दल अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं. पक्ष कुठलाही असो, प्रश्न खरा आहे.

मग माझं उत्तर काय? दहाचं नाणंच राहावं, या बाजूची मी आहे. पण या क्रमाने:

१. आधी बँकेच्या प्रत्येक शाखेत नाणी घ्यायची आणि द्यायची ठरलेली वेळ, ठरलेली खिडकी. फलक मराठीत, दारावर. ग्राहक कुठल्या शाखेचा हे विचारायचं नाही.

२. स्टेशन, मंडई, मोठी देवळं इथे नाणी टाकून नोट देणारी यंत्रं. २०२३ मध्ये रिझर्व बँकेने क्यूआरने नाणी देणाऱ्या यंत्रांचा प्रयोग जाहीर केला. चांगला आहे, पण तो उलट्या बाजूचा. फुलवालीला नाणी नकोत, द्यायची आहेत.

३. वीस आणि पन्नासच्या नोटा भरपूर. दहाची नोट गेली तर वीसचीच नोट खिशातली लहान नोट होणार, ती मिळालीच पाहिजे. वीसला हात लावू नका.

४. मग दहाच्या नोटेची तारीख आधी जाहीर करा. दोन-तीन वर्षांची मुदत. रात्री आठला टीव्हीवर येऊन नको, एकदा पाहिलंय.

५. भाडी ठरवणाऱ्यांनी पाचाच्या पटीत ठरवावीत. ३१ आणि १२ हे आकडे कागदावर बरे दिसतात.

हे पाच नाही झाले तर नोट राहू द्या, कळकट असली तरी. आणि फाटकी नोट दुकानदाराने नाकारली म्हणून टाकून देऊ नका. वीसपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून मोठा सलग तुकडा असेल तर बँकेत पूर्ण किंमत मिळते.

आपल्या फोर्टातल्या टांकसाळीत पडलेल्या नाण्यावर सालाखाली छोटा हिरा असतो. दहाचं नाणं हातात आलं तर बघा. ते खरं आहे, कायदेशीर आहे, एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत नाण्यांत देण्याची सोय २०११ च्या नाणे कायद्यात आहे. कुणी नाकारलं तर भांडू नका, शांतपणे समजावून सांगा.

आणि एक विनंती. तुमच्या भागातली कोणती शाखा विनातक्रार चिल्लर घेते, ते कमेंटमध्ये लिहा. नावं ठेवण्यासाठी नको, चांगल्यांची यादीच करू. गिरगाव, ठाकूरद्वार, प्रार्थना समाज, लालबाग, परळ, दादर, सगळीकडची. यादी झाली की मी छापून आमच्या मावशींना आणि पाववाल्याला देणार आहे.