यंत्राचा कान

शाळेंत मुलांचे कान पिळण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें बंदी केली; यंत्रांचे कान पिळण्यास मात्र अजून आडकाठी नाहीं. सोलापुरांतील आमच्या प्रयोगशाळेसाठीं ० ते ३० व्होल्ट देणारें वीजपुरवठ्याचें एक उपकरण बांधावयाचें ठरलें, तेव्हां त्यास फिरविण्याची खुंटी कोणती बसवावी, या विचारांत आम्ही कांहीं दिवस घालविले.

जुन्या उपकरणास पोटेन्शिओमीटर होता. त्यांतील कार्बनची पट्टी झिजली, सरकता स्पर्श क्षणभर सुटला, दाबानें उडी घेतली आणि एका विद्यार्थ्याचें ५ व्होल्टांचें मंडल जळालें. त्याचे वडील यंत्रमागावर कामाला. त्या मंडलाची किंमत त्या घरास काय पडली असेल, हें सांगावयास नको.

म्हणून रोटरी एन्कोडरचा विचार पुढें आला. आपण कोठें आहोंत हें त्यास ठाऊक नसतें. खटके किती व कोणत्या दिशेस, एवढेंच तो कळवितो. त्याचे दोन संकेत पाव आवर्तनानें मागेंपुढें असतात; आधीं कोणता आला, यावरून दिशा ओळखतात. जॅकार्डच्या पुठ्ठ्यावर भोंक आहे कीं नाहीं, यावरून चादरीची नक्षी ठरते. तशीच ही ‘आहे-नाहीं’ची भाषा.

प्रकाशावर चालणारा एन्कोडर झिजत नाहीं, पण महाग. धातूच्या संपर्कांचा स्वस्त. परंतु संपर्क जुळतांना थरथरतात व एका खटक्याचे दोन मोजले जाण्याचा संभव असतो. ती थरथर प्रोग्रॅमनें गाळतां येते, म्हणून आम्ही हाच पत्करला.

मग गणित आडवें आलें. एका फेऱ्यांत २० खटके व खटक्यास ०.०१ व्होल्ट धरल्यास ३० व्होल्टांस १५० फेरे! खुंटी भराभर फिरविली कीं पायरी आपोआप मोठी व्हावी, असें एका सहकाऱ्यांनीं सुचविलें. आम्ही तें मानलें नाहीं. खुंटी दाबून पायरी बदलण्याची सोय असलेला नमुना निवडला, आणि चालू करतांच दाब शून्यावर असावा, अशी योजना केली. पायरी लहान कीं मोठी, हें माणसानें आधीं ठरवावें. यंत्रानें मध्येंच नव्हे. चार फेरे अधिक पडले तर पडोत. परंतु एक मागणाऱ्याच्या पदरांत दहा घालणाऱ्या यंत्राचें औदार्य गरिबाच्या मुलास परवडत नाहीं.