आमच्या ड्रमची नवी पेटी

एक अवयव निकामी झाला म्हणजे सगळी वस्तूच टाकून द्यावी, ही सांप्रतची रीत आहे. आपले वाडवडील भांड्यांना कल्हई लावीत, छत्रीची मोडकी काडी बदलीत. आम्हांस मात्र "नवीन घ्या" हाच सल्ला जिकडेतिकडे मिळतो. ह्या रीतीस फांटा देण्याचा एक योग मला आला, त्याची हकीकत वाचकांस सादर करितों.

आमच्या घरीं विजेवर चालणारा एक जुना ड्रमसंच आहे. चाळींत खऱ्या ड्रमचा गडगडाट कोण सहन करील? ह्या संचाच्या रबरी तबकड्यांवर काठी मारली तर बाहेर नुसती टपटप ऐकूं येते. खरा नाद मॉड्यूल नांवाच्या पेटींत उत्पन्न होऊन हेडफोनमधून वादकाच्या कानीं पडतो. गेल्या पावसाळ्यांत ती पेटी बंद पडली. तिचे भाग आतां मिळत नाहींत, सबब संच मोडींत काढावा, असें दुरुस्ती करणारानें सांगितलें. परंतु आठही तबकड्या शाबूत होत्या. शिवाय संच वाजवितो तो माझा धाकटा भाऊ. त्याचा उजवा हात जन्मतः अशक्त आहे. जुन्या पेटींत त्या हाताचे निम्मे ठोके उमटतच नसत, आणि तो आपल्या हाताचाच दोष, असें तो समजे. म्हणून नवी पेटी आपणच करावयाची, असें मीं ठरविलें.

तबकडी उघडली तों आंत पितळेची पातळ चकती व तीवर पांढरा थर, एवढेंच आढळलें. कांहीं स्फटिकांवर दाब पडला असतां वीज उत्पन्न होते, हें झाक व पिएर क्यूरी ह्या बंधूंनीं १८८० सालीं दाखवून दिलें. ही चकती त्याच तत्त्वावर चालते. "मी थरारलें" एवढेंच तबकडी सांगूं शकते. तो थरार ठोक्याचा होता काय, आणि किती जोराचा, ह्याचा निवाडा पेटीनें करावयाचा.

तो निवाडा कळविण्याची भाषा म्हणजे मिडी. निरनिराळ्या कंपन्यांचीं वाद्यें एकमेकांशीं बोलूं लागावींत म्हणून जपानचे इकुतारो काकेहाशी व अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांनीं पुढाकार घेतला, आणि १९८३ सालीं ती प्रसिद्ध झाली. एका ठोक्याला तींत तीनच आंकडे लागतात: पहिला वाजविण्याची आज्ञा, दुसरा वाद्य कोणतें तें, आणि तिसरा १ ते १२७ पर्यंत आघाताचा जोर. मिडीच्या मूळ तारेंतून हे तिन्ही जाण्यास एक सहस्रांश सेकंदही पुरा लागत नाहीं. प्रतिस्पर्धी कारखानदारांनीं मानलेल्या ह्या करारामुळेंच विद्यार्थ्याच्या हातची पेटी कारखान्याच्या पेटीची जागा घेऊं शकते.

अर्डुइनोची एक लहान पाटी घेऊन मीं तबकड्यांच्या तारा तिला जोडल्या. नाद काढण्याचें काम संगणकाकडे दिलें. ही पाटी विजेचा दाब ० ते १०२३ ह्या आंकड्यांत मोजते. भावाच्या डाव्या हातानें सातशें भरत, उजव्यानें जेमतेम चाळीस. चाळीसला ठोका मानावें, तर शेजारची तबकडी वाजतांच लोखंडी चौकटींतून येणारा थरारही पन्नास भरे, आणि न मारलेले ठोके वाजूं लागत. मोठ्या ठोक्यालगतचा लहान थरार वगळावा, तर दोन्ही हात एकदम पडले असतां उजव्याचा ठोका नाहींसा होई.

चार दिवस गणितांत गेले. उपाय निघाला तो गणिताबाहेर. उजव्या हाताची तबकडी चौकटीवरून काढून वेगळ्या तिवईवर, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे खालीं घालून, बसविली. शेजारचा थरार थांबला. मग त्या एका तबकडीपुरती मर्यादा वीसवर आणिली, आणि चाळीसच्या ठोक्याला मिडीचे नव्वद मिळतील असें कोष्टक केलें. त्या संध्याकाळीं भावानें दोन्ही हातांनीं ताल धरला व हेडफोन माझ्या कानांस लाविला. कोणता ठोका कोणत्या हाताचा, हें मला ओळखतां येईना.

कारखान्याची पेटी वाईट नव्हती. ती सर्वसाधारण हातासाठीं मापून दिलेली होती, इतकेंच. स्वतः बनविलेल्या वस्तूचा खरा लाभ पैशांत नसून, तिचें माप आपल्या माणसास पाहून ठरवितां येतें, ह्यांत आहे.