सही आणि सातबारा



दर ३ जानेवारीला आपल्या गावच्या शाळेत सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतात, मुली भाषणे करतात. ही माउली आपल्याच मातीतली. सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यातील नायगावच्या नेवसे पाटलांच्या घरी १८३१ साली त्यांचा जन्म झाला. लग्नानंतर जोतिरावांनी त्यांना शिकवले आणि १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा त्या स्वतः शिकवू लागल्या. १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना प्लेगनेच त्यांना नेले.

त्याच जिल्ह्यात माणच्या दुष्काळी पट्ट्यात म्हसवड आहे. तिथल्या बायांनी चेतना सिन्हा यांच्याबरोबर स्वतःची बँक काढायचे ठरवले. बाया निरक्षर, म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. बायांनी अक्षरे गिरवली, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचे व्याज विचारा, तोंडी सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

इकडे सांगली जिल्ह्यात विट्याला १९८८ साली नवऱ्याने टाकलेल्या बायांची परिषद भरली. त्यांची एक मागणी होती, आपल्या नावाचे रेशनकार्ड.

शाळेचा हजेरीपट, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक. बाईचे नाव असे एकेका कागदावर चढत आले. सातबाऱ्यापाशी मात्र ते अडले. अडवणाऱ्यांत मीही आहे, म्हणून आज हे लिहितो.

माझी थोरली अक्का चौथीपर्यंत शिकली. पुढे ती दुसऱ्याच्या रानात भांगलायला गेली, तेव्हा माझी फी भरली गेली आणि मी बी. एस्सी. झालो. २००९ साली वडील वारले. दिवसकार्य उरकल्यावर मी अक्काला तालुक्याला नेले आणि हक्कसोडपत्र पुढे ठेवले. तिने वाचले नाही. म्हणाली, "तू केलंस म्हंजे बरोबरच असंल." सही केली. मी तिला भारी साडी घेतली.

२००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित एकत्र जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आहे, हे मला ठाऊक होते. तिला मी ते सांगितले नाही.

पुढे दाजी गेले. अक्का एकदा ठिबकचा अर्ज भरायला माझ्याकडे आली. मी सवयीने विचारले, "सातबारा कुणाच्या नावावर आहे?"

अक्का हसली. "सासरचा अजून सासऱ्याच्या नावावर हाय. म्हायेरचा तुझ्या."

दुसऱ्या कुणाला मी पुढचा नियम सांगितला असता. त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही.

यंदा एक एकर बागायत बक्षीसपत्राने अक्काच्या नावावर करून दिली. थोरला मुलगा कुरकुरला. तिच्या खऱ्या वाट्याहून ती जमीन कमीच आहे, हेही मी त्याला सांगितले.

बंधूंनो, बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवण्याआधी ते तिला मोठ्याने वाचून दाखवा, तिचा वाटा किती तेही सांगा. मग ती ठरवील. भगिनींनो, कागद भावाने आणला असला तरी वाचल्याशिवाय सही करू नका. नायगावच्या त्या माउलीने शेणगोळे झेलून लेकींना अक्षर दिले, ते आपल्याच वाट्यावर पाणी सोडण्यासाठी नव्हे.